बोलून लिहिणाऱ्यांसाठी सोईचा हेडसेट

(धाराशिव येथे झालेल्या कार्यकर्ते व हितचिंतकांच्या बैठकीतील भाषण. छपाईसाठी थोडे संक्षिप्त केले आहे. – संपादक)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘हेडसेट’ एवढाच शब्द आहे. सकाळी नोंदणीच्या टेबलापाशी एका काकांनी विचारलेही, “बाई, आज गाणी ऐकवणार का?” गाणी नाहीत. आपण बोलायचे आणि बोललेले फोनवर किंवा संगणकावर मराठीत टाइप व्हायचे, यासाठी डोक्याला जे लावतात ते कसे निवडावे, एवढेच मी सांगणार आहे. विषय लहान आहे. पण आपल्या कामातली एक मोठी अडचण त्याला चिकटलेली आहे, म्हणून आधी ती अडचण सांगते.

आपले कार्यकर्ते पारधी वस्त्यांवर जातात. बसतात, ऐकतात, चहा घेतात, पोरांची शाळा विचारतात. ते काम आपल्याला जमते. अडते ते रात्री घरी आल्यावर. ऐकलेले कागदावर उतरवायचे असते, आणि दिवसभर मोटारसायकलवर खडखडून आलेल्या हाताला ते नको वाटते. कोणाची मनगटे दुखतात, कोणाला चाळिशीनंतर फोनवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत, कोणाला देवनागरी कळफलक जमत नाही. मग चार पानांची हकीकत चार ओळींत येते: “कुटुंबाला भेट दिली. दाखल्याची अडचण आहे.”

त्या चार ओळींनी काय जाते, ते बघा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा राहण्याचा पुरावा मागितला जातो. पालात राहून गावोगाव फिरलेल्या माणसांकडे सातबारा कुठला आणि शाळेचा दाखला कुठला? त्यांच्याकडे असते ती आठवण. आजी सांगते, अमक्या गावच्या माळावर आमचे पाल होते, अमक्या पाटलाच्या शेताची राखण माझ्या सासऱ्याने केली, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला अमक्या ठिकाणी गेलो, मोठ्या दिराला त्या गावच्या शाळेत चार महिने बसवले होते. ही आठवण म्हणजे पुरावा नव्हे. पण पुरावा कोणत्या गावी शोधायचा, कोणत्या शाळेचे जुने रजिस्टर उघडायचे, निजामकाळातला उर्दू किंवा मोडीतला कागद कोणाकडून वाचून घ्यायचा, याची वाट तिच्यातच असते. ती चार ओळींत आटली की वाट बंद होते, आणि आजी पुन्हा सांगायला राहील याची खात्री नसते.

आणखी एक गोष्ट आहे. या लोकांविषयी कागदावर पुष्कळ लिहिले गेले, पण ते दुसऱ्यांनी. ब्रिटिश अमदानीत १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरला. शेजारच्या सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखला जातो. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण संशय राहिला. याच आपल्या शहरात २०२० च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. आपल्यापैकी बरेच जण त्या मांडवात गेले असतील. पुस्तके किती होती तिथे! पण मांडवापासून तासाभराच्या वाटेवर अशा वस्त्या आहेत, जिथल्या माणसाचे स्वतःचे सांगणे कधी त्याच्याच शब्दांत कागदावर आलेले नाही. ते नीट यावे, ही आपली जबाबदारी आहे.

म्हणून बोलून लिहिणे. आणि ते नवीन नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ग्रंथ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, हे आपण शाळेत शिकलो. आपल्या पवित्र शास्त्रात पौलाचे रोमकरांस पत्र तर्तियाच्या हातचे आहे. यिर्मयाने सांगितले आणि बारूखाने लिहिले. राजाने तो पट शेकोटीत जाळला, तेव्हा यिर्मयाने पुन्हा सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले, आणि त्यात भरही पडली. पावसात, आगीत, पळापळीत कागद गमावलेल्या वस्त्यांबरोबर काम करणाऱ्यांना ही हकीकत वेगळी समजावून सांगायला नको.

आपल्याला बारूख कुठून मिळणार? २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने आवाजावरून टाइप करण्याच्या सोईत मराठी आणली. आज फोनच्या मराठी कळफलकावरचे माइकचे चिन्ह दाबले, किंवा संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून साधनांच्या यादीतून आवाजाचे टायपिंग निवडून भाषा मराठी केली, की लेखनिक तयार. पण या लेखनिकात आणि बारूखात एक फरक आहे. बारूखाला ऐकू आले नाही तर तो ‘काय म्हणालात?’ असे विचारू शके. हा विचारत नाही. त्याला ‘राखण केली’ नीट ऐकू आले नाही, तर तो ‘राखून केली’ असे शुद्ध अक्षरात लिहून मोकळा होतो. तेव्हा त्याला स्वच्छ ऐकवणे हे आपले काम. हेडसेट लागतो तो त्यासाठी.

आता कोणी म्हणेल, फोनला माइक आहेच की. आहे, आणि चार ओळींच्या निरोपाला तो पुरतो. पण पाऊण तास सांगायचे असेल तर हात दमतो. फोन कधी तोंडाशी असतो, कधी छातीशी, कधी मांडीवर. माइकपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर निम्मा होतो. तीन सेंटीमीटरवरून तीसवर गेला की दहावा हिस्सा उरतो. पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा ट्रॅक्टर मात्र तेवढेच राहतात. यंत्राला मग तुमचा आवाज कुठला आणि पंखा कुठला, हे कळेनासे होते. हेडसेटचे खरे काम इतकेच आहे: मान वळली, उठून पाणी प्यायलात, तरी माइक तोंडापासून त्याच अंतरावर राहिला पाहिजे.

म्हणून पहिली खूण ही लक्षात ठेवा. माइक दांडीवर हवा. कानापासून गालावर येणारी, वळवता येणारी दांडी. गळ्यात लोंबणाऱ्या इअरफोनच्या तारेवरचा छोटा माइक पदराला घासतो, मंगळसूत्राला घासतो, शर्टाच्या बटणाला आपटतो, आणि प्रत्येक घासणे यंत्राला शब्दासारखे ऐकू येते.

दांडी कुठे ठेवायची? तोंडाच्या बरोबर समोर नाही. ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर, किंचित खाली. याचे कारण आपल्या भाषेत आहे. आत्ता सगळे तोंडासमोर तळहात धरा आणि म्हणा: भाकर, खडक, घागर, फळ, धाराशिव. लागला हाताला वारा? ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही आपली महाप्राण अक्षरे. माइक समोर असला की हा वारा त्याच्यावर आदळतो आणि ‘धप्प’ असा आवाज उठतो. बाजूला ठेवला की शब्द पोहोचतो, वारा निघून जातो. माइकवर स्पंजची छोटी टोपी येते, ती काढून टाकू नका.

आता सोईकडे येते, कारण माझ्या अनुभवात हेडसेट कपाटात जाऊन पडतात ते माइक वाईट म्हणून नव्हे. ते टोचतात म्हणून.

बोलून लिहिताना आपल्याला काही ऐकायचे नसते, हे दुकानात विसरायला होते. दुकानदार दाखवतो ते गाण्यांचे किंवा खेळाचे हेडफोन. दोन्ही कान झाकणाऱ्या मोठ्या वाट्या, चकचकीत दिवे, पाव किलोच्या वरचे वजन. आपल्याला त्यातले काहीच नको. फोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्या केंद्रांमधली मुले वापरतात तसा, एका कानाचा, हलका हेडसेट पाहा. तो बहुधा शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असतो. एक कान मोकळा राहिला की तीन फायदे होतात. दारावर कोणी हाक मारली तर कळते. उकडत नाही. आणि आपला स्वतःचा आवाज नेहमीसारखा ऐकू येतो. दोन्ही कानांत बोटे घालून बोलून पाहा. आवाज डोक्यात घुमतो. तसे घुमत असताना माणूस नकळत आवाज बदलतो, आणि अर्ध्या तासात कंटाळतो. काहींना एकाच बाजूला वजन आलेले खपत नाही, पट्टी घसरते. त्यांनी दोन कानांचा घ्यावा, पण कानावर नुसता टेकणारा, हलका.

आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत बसून रेक्झिनची गादी कानावर ठेवा, दहा मिनिटांत घाम. त्या रेक्झिनचे पापुद्रे वर्ष-दोन वर्षांत निघू लागतात आणि काळे कण कानाला चिकटतात. कापडाचे किंवा नुसत्या स्पंजचे आवरण असलेले घ्या. आवरण काढून धुता येते का, बदलून मिळते का, हे विकत घेण्यापूर्वी विचारा. नाहीच मिळाले तर जुन्या सुती साडीचा तुकडा गोल कापून रबराने बसवा. आमच्या खोलीतल्या दोन्ही हेडसेटना तेच आहे.

भगिनींसाठी वेगळे सांगते, कारण हे हेडसेट करणाऱ्यांनी अंबाडा डोळ्यांपुढे ठेवलेला नसतो. डोक्यावरून जाणारी पट्टी अंबाड्याच्या पुढे बसते की नाही ते पाहा. मागे ढकलली जात असेल तर माइक तोंडापासून दूर जात राहतो. मानेमागून जाणारी पट्टी असते, ती उंच अंबाड्याला सोईची, पण खाली बांधलेल्या अंबाड्याला आणि डोक्यावरच्या पदराला आडवी येते. कानात कुडी किंवा बुगडी असेल तर गादी तिच्यावर दाबली जाते आणि पाळी दुखते. त्या वेळेपुरता हेडसेट दुसऱ्या कानाला लावा, किंवा दागिना काढून ठेवा. दांडी दोन्ही बाजूंना फिरणारी असली की हे जमते, म्हणून तेही दुकानातच फिरवून बघा.

चष्मा लावणाऱ्यांनी चष्मा लावूनच हेडसेट घालून पाहावा. काडी कानामागे आणि गादी तिच्यावर, असा दाब पडला की वीस मिनिटांनी कानशील ठणकते. मऊ गादी आणि सैल पट्टी असेल तर चालते. नवी पट्टी घट्टच असते. चार-पाच पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून रात्रभर ठेवली की ती थोडी सैलावते, पण तुटेल इतकी ताणू नका. ज्यांना श्रवणयंत्र आहे त्यांनी ज्या कानात यंत्र नाही त्या कानाला लावावा. दोन्हीकडे असेल तर कानाला न टेकता कानशिलावर टेकणारी उशी असलेला प्रकार पाहावा. टोपी घालणाऱ्या आजोबांनी टोपी घरात काढावी, हे मी सांगण्यापेक्षा आजींनी सांगितलेले बरे.

आता वायर की बिनवायर? मी वायरच्या बाजूची आहे. वायरच्या हेडसेटला चार्जिंग लागत नाही, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल ते आपल्या हातात नाही. ब्लूटूथचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यावर गाणे सुंदर वाजते म्हणून माणूस समजतो, माइकही चांगला असणार. पण माइक सुरू झाला की बहुतेक ब्लूटूथ हेडसेट फोनच्या संभाषणाच्या रीतीवर जातात, आणि त्यातले जुने किंवा स्वस्त असतील ते आवाजातला वरचा, बारीक भाग कापून टाकतात. स, श, फ ही अक्षरे त्याच बारीक भागात राहतात. जुन्या फोनवर कोणाचे आडनाव नीट कळत नाही आणि आपण ‘श शहामृगातला का?’ असे विचारतो, ते आठवा. आपण माणसे अंदाजाने सावरतो. यंत्र चुकीचाच शब्द लिहिते. नव्या ब्लूटूथ हेडसेटमध्ये ही अडचण कमी झाली आहे. खोलीत येरझारा घालत बोलायची ज्यांना सवय आहे, त्यांनी तो घेऊन बघावा, पण आधी पारखून.

वायरमध्ये दोन जाती. गोल पिनेचे आणि यूएसबीचे. संगणकावर काम करणाऱ्यांनी यूएसबीचा घ्यावा. आवाजाचे रूपांतर त्याच्या स्वतःच्या आत होते, संगणकाच्या जुन्या खाचेतली खरखर मध्ये येत नाही. गोल पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर तिच्यातूनच माइकही जातो. दोनच रेघा असतील तर ती नुसती ऐकण्याची पिन आहे. जुन्या संगणकाला हिरवी आणि गुलाबी अशा दोन खाचा असतात. तिथे एका पिनेच्या दोन करणारा जोड लागतो. नव्या फोनला गोल खाचच नसेल तर टाइप-सीचा जोड घ्यावा लागतो, पण त्यातून माइक चालतो का, हे दुकानातच फोन लावून बघा. काही जोड आवाज फक्त ऐकवतात.

खोक्यावरच्या एका शब्दाने फार जण फसतात: ‘नॉइज कॅन्सलिंग’. याचे दोन अर्थ आहेत. एक, बाहेरचा गोंगाट *तुमच्या* कानात येऊ नये म्हणून केलेली सोय. ती प्रवासात उपयोगी, बोलून लिहायला तिचा काही उपयोग नाही, आणि पैसे मात्र तिचेच जास्त. दुसरा, गोंगाट *माइकमध्ये* जाऊ नये म्हणून केलेली सोय. आपल्याला ही दुसरी हवी. दुकानदाराला सरळ विचारा, “माइकला आहे का कानाला?”

घरी आणल्यावर एक गोष्ट हमखास तपासा. हेडसेट जोडला तरी संगणक कधी कधी स्वतःच्याच माइकने ऐकत राहतो. टायपिंग सुरू करा आणि आधी हेडसेटच्या माइकवर, मग संगणकाच्या कडेवर नख हलकेच घासा. आवाजाची खूण कुठे हलते, त्यावरून कळेल. मग क्रोमच्या सेटिंगमध्ये योग्य माइक निवडा.

आणि परीक्षा. मी शंभर शब्दांचे एक कार्ड लिहून ठेवले आहे. जाताना प्रत्येकाने उतरवून घ्या किंवा स्वतःचे करा. त्यात आपल्या रोजच्या कामातले शब्द हवेत: कळंब, तुळजापूर, नळदुर्ग, येरमाळा, परंडा, ढोकी, तलाठी, ग्रामसेवक, शिधापत्रिका, आश्रमशाळा, गृहचौकशी, पाल, राखण, माळ. ळ आणि ल, ण आणि न, श आणि स शेजारी शेजारी येतील असे वाक्य करा. चार-पाच तारखा आणि आकडे घाला. ते कार्ड एकदा नुसत्या फोनला, एकदा हेडसेटवरून, पंखा बंद ठेवून आणि पंखा लावून वाचा. शंभरातले किती शब्द चुकले ते मोजा. ज्याचे कमी चुकले तो बरा. मग तोच हेडसेट अर्धा तास डोक्यावर ठेवून भांडी घासा, दळण निवडा. अर्ध्या तासाने हात आपोआप कानाकडे गेला तर तो तुमचा नाही. दुकानात अर्धा तास कोणी देणार नाही, म्हणून आधी ओळखीच्या कोणाचा तरी मागून आणून बघा, आणि विकत घेताना परत करण्याची मुदत विचारून घ्या. किंमत फार नसते. साधा वायरचा यूएसबी हेडसेट चांगल्या चपलांच्या जोडाच्या पैशात मिळतो.

इथवर वस्तूविषयी बोलले. आता ती कुठे वापरायची नाही, ते सांगते, कारण त्याचे महत्त्व अधिक आहे.

वस्तीवर हेडसेट घालून जाऊ नका. ज्या माणसांनी आजवर चौकीतल्या वहीसमोर उभे राहून उत्तरे दिली, त्यांच्यासमोर कानाला यंत्र आणि तोंडाला दांडी लावून बसलात, तर ती चौकशीच वाटणार. तिथे रिकाम्या हाताने बसायचे. गावे आणि माणसांची नावे तेवढी त्यांना विचारून लहान वहीत टिपायची. ऐकून झाले की म्हणायचे, “काकी, हे मी रात्री लिहून काढते आणि पुढच्या खेपेला वाचून दाखवते. चालेल ना?” हेडसेट घरी, दार लावून, त्याच रात्री. दोन दिवस गेले की आजीचे शब्द जातात आणि आपले शब्द तिच्या तोंडी येतात.

त्यांची घरातली भाषा पारधी. ती या यंत्राला येत नाही. आपल्यातल्याही थोड्यांनाच येते. आजीने एखादी गोष्ट तिच्या भाषेत सांगितली असेल तर तो शब्द यंत्राकडून लिहून घेऊ नका, ते काहीतरी मराठी शब्द ठोकून देईल. तो हाताने, देवनागरीत, ऐकला तसा लिहा आणि पुढच्या भेटीत तिच्या नातवाकडून खात्री करून घ्या. विरामचिन्हेही हातानेच द्यावी लागतील, असे धरून चाला.

यंत्राला जे सांगाल ते बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते. म्हणून पोलीस केस, घरातली मारहाण, मुलींवरचा अत्याचार अशा गोष्टी नावगावानिशी यंत्रासमोर बोलायच्या नाहीत. ‘अ’ची आई, ‘ब’ गाव असे बोला. खरी नावे वहीत, वही कुलुपात. अत्याचार झालेल्या मुलीची ओळख पटेल असे काहीही छापणे कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्या त्रैमासिकालाही लागू आहे.

लिहून झालेला मजकूर मोठ्याने वाचा, मनात नाही. शुद्ध दिसणारा चुकीचा शब्द डोळ्याला सापडत नाही, कानाला सापडतो. तारीख, वय, गट नंबर आणि आडनाव हे चार तर वहीशी ताडूनच पुढे जा. दाखल्याच्या कामात पन्नासचे पंचावन्न झाले, तर एका कुटुंबाची दोन वर्षे जातात.

गळ्याचीही काळजी घ्या. यंत्राशी बोलताना माणूस उगीच मोठ्याने बोलतो. माइक दोन बोटांवर आहे, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता तेवढाच आवाज पुरे. वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा, पाणी प्या. ज्यांना घसा बसण्याचा त्रास आहे, किंवा घरात एकच खोली आणि चार लेकरे आहेत, त्यांना ही रीत सोसणार नाही. त्यांनी हाताने लिहावे, आणि टाइप करायला आपल्याकडे द्यावे. कार्यालयातली मागची छोटी खोली शनिवारी संध्याकाळी आपण याचसाठी मोकळी ठेवणार आहोत. जाड पडदा आणि एक गोधडी भिंतीला लावली आहे, आवाज घुमत नाही.

हितचिंतकांना शेवटी दोन शब्द. तुम्ही नेहमी विचारता, काय पाठवू? या कामासाठी तीन गोष्टी सांगते. पहिली, दांडीचा माइक असलेले, वायरचे, हलके हेडसेट. नवे किंवा नीट पुसलेले. कानाच्या आत घालायचे वापरलेले इअरफोन मात्र पाठवू नका, एकाच्या कानातले दुसऱ्याच्या कानात घालणे बरे नव्हे. दुसरी, सुती कापडाची आवरणे. ज्या भगिनी महिला मंडळात शिवणकाम करतात त्यांना एका दुपारी वीस शिवून होतील. तिसरी गोष्ट पैशाने येत नाही. बोलून लिहिलेला मजकूर तपासायला मराठी चांगले असलेली माणसे हवीत. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. आठवड्याला दोन तास, वही शेजारी घेऊन, मोठ्याने वाचून चुका काढायच्या. नावे गुप्त ठेवण्याचे वचन द्यायचे. एवढे केले तरी वर्षभरात कितीतरी कुटुंबांच्या हकिकती पूर्ण होतील.

हेडसेट बघायला मागच्या टेबलावर चार प्रकारचे मांडले आहेत, कार्डेही आहेत. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने किमान दोन घालून बघा. चष्मा, अंबाडा, कुडी जसे रोज असते तसेच ठेवून. काय टोचले ते टेबलावरच्या वहीत लिहा, म्हणजे पुढच्या खरेदीला तेच उपयोगी पडेल. ज्यांना शनिवारची खोली हवी आहे, त्यांनी आजच नाव द्यावे. लेखी अहवालांची पुढची मुदत महिनाअखेर आहे, आणि या खेपेला मी चार ओळी घेणार नाही.